सप्ताहाच्या कीर्तनात बायकोला मारण्याविषयी महाराजांना बोलायला सांगायचंय, कसं सांगू?

गिरणीवाला पखवाजी (कराड तालुका)

राम कृष्ण हरी मंडळी.

माझी गावात पिठाची गिरणी आहे आणि सप्ताहात मी पखवाज वाजवतो. बावीस वर्षं झाली. लिहायची सवय नाही, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचा सप्ताह हनुमान जयंतीला उठतो. देवळावरच्या कर्ण्यांशिवाय आणखी चार कर्णे गावात खांबांना बांधतात, म्हाताऱ्याकोताऱ्यांना अंथरुणात पडल्या पडल्या ऐकू यावं म्हणून. त्यातला एक आमच्या गल्लीत, गिरणीच्या बरोबर समोर.

गेल्या वर्षी पाचव्या दिवशी रात्रीच्या कीर्तनात माझ्या पखवाजाच्या डाव्या अंगाची कणीक वाळली. नाद बसेना. डबा मी घरी विसरलेला. गिरणीवाल्याला कणीक कमी पडावी, हसायचंच काम. महाराज निरूपणाला लागले तसा मी दुसऱ्या पोराला बसवून पळत घरी आलो. परातीत मूठभर पीठ घेतलं, पाणी घातलं, मळायला लागलो. वर कर्णा चालू. चाल संपली की मध्ये दोन-तीन सेकंद मोकळे जातात ना, त्या मोकळ्या जागेत बाईचं ओरडणं आलं. मग टाळ सुरू झाले, ओरडणं गेलं. परत चाल थांबली, परत आलं. घर कुठलं ते मला कळलं. गल्लीतल्या सगळ्यांनाच कळलं असणार, कारण दोन दारं आतून लावल्याचा आवाजसुद्धा मी ऐकला.

मी काय केलं? कणीक मळली, हात धुतले, देवळात जाऊन वाजवलं. चांगलं वाजवलं असं लोक म्हणाले.

सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, पाळीपाळीनं गळ्यात घेऊन उभं राहायचं, त्याला पहारा म्हणतात. त्या घरातल्या माणसाचा वीणेचा पहारा रात्री बाराला होता. तो वेळेवर आला. आंघोळ करून, बुक्का लावून. वीणा गळ्यात घेतली की माणूस कोण ते बघायचं नसतं, सगळे पाया पडतात. पहाटे काकड्याला माझी आई त्याच्या पाया पडली.

चार दिवसांनी ती बाई दळण घेऊन आली. पदर डाव्या कानावरून घट्ट ओढलेला. “दादा, बारीक दळा,” एवढंच म्हणाली.

यंदाच्या बैठकीत मी विषय काढला, एखादे महाराज बघा जे मारहाणीवर बोलतील. अध्यक्ष म्हणाले, देवाच्या दारात घरातली भांडणं नकोत. दुसरे म्हणाले, दारूवर बोलू द्या, मूळ तेच आहे. पण तो माणूस दारू पीत नाही. माळकरी आहे. गेल्या वर्षीच्या महाराजांनी तर अर्धा तास बायकोवरचे विनोदच सांगितले होते, मांडव हसून लोळला होता, मीही हसलो.

तर विचारायचं एवढंच, की महाराजांना हे सांगायचं कसं? कुठला अभंग, कुठलं चरित्र? आणि त्या माणसाच्या गळ्यात यंदा वीणा द्यायची का? यावर माझी झोप जाते.

विट्याची बाई

दादा, मी अंगणवाडीची पर्यवेक्षिका होते, आता निवृत्त आहे. तुम्ही ते ओरडणं लिहून काढलंत हे बरं केलंत. पण एक गोष्ट आधी सांगते. ती रात्र, ती गल्ली, तो पहारा, यातलं काहीही महाराजांच्या तोंडून जाता कामा नये. “आपल्याच गावात एक माळकरी” एवढं जरी म्हटलं तरी बायका माना वळवून तिच्याकडं बघतील, आणि मांडवातून घरी गेल्यावर त्याचा हिशोब तिलाच द्यावा लागेल. इथंसुद्धा तुम्ही बरंच ओळखू येईल असं लिहिलंय, तालुका काढून टाका जमलं तर.

दुसरं, समेट. आपल्याकडं देवाधर्माची माणसं मध्ये पडली की पहिलं काम काय करतात? नवरा-बायकोला देवापुढं उभं करून शपथ घालतात. मी नोकरीत असताना एका गावात हे डोळ्यांनी पाहिलंय. त्याच्या हातावर भंडारा ठेवला, “पुन्हा हात उचलणार नाही” म्हणवून घेतलं, सगळ्यांना चहा झाला, ती नांदायला गेली. सहा महिन्यांनी तिचा हात मोडला तेव्हा ती कुणाकडंच आली नाही. मी घरी गेले तर म्हणाली, “शपथ झालीय हो बाई, आता तक्रार केली तर देवाला खोटं पाडल्यासारखं होतंय.” त्याच्या शपथेनं तोंड बंद झालं ते हिचं. म्हणून महाराजांना सांगा, उपदेश करा, पण न्यायनिवाडा करू नका. बाई आली तर तिला पुढचा रस्ता दाखवा.

रस्ता असा आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा फक्त पोलिसात जाण्यापुरता नाही. तालुक्याला संरक्षण अधिकारी असतो. त्याच्याकडं तिनंच जायला पाहिजे असंही नाही. कलम ४ असं सांगतं, की कुणीही कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर खटला होत नाही. म्हणजे तुम्हीसुद्धा. मात्र शक्यतो तिला विचारल्याशिवाय कळवू नका, घरात परत तिलाच राहायचंय. ती राहत्या घरातून काढली जाऊ नये याचीही त्या कायद्यात सोय आहे. बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा. जिल्ह्याला सखी केंद्र आहे, मार खाणाऱ्या बायकांना तिथं मदत मिळते. बायकांच्या मदतीचा फोन १८१, आणि मारहाण चालूच असेल तर ११२.

आमच्या खानापूर भागात ऐंशीच्या दशकात परित्यक्तांची चळवळ झाली. कासेगावच्या इंदुताई पाटणकर त्यात होत्या. नवऱ्यानं टाकलेल्या बायकांनी स्वतःच्या नावावर रेशनकार्ड मागितलं होतं. तेव्हासुद्धा “घरातली भांडणं चव्हाट्यावर नकोत” हेच ऐकावं लागलं होतं. तुमच्या अध्यक्षांचं वाक्य नवीन नाही.

सडेतोड पाटील

एका बाजूचं ऐकून माणसाला गुन्हेगार ठरवताय. खोट्या केसेस किती होतात ते कोर्टात जाऊन बघा. कीर्तन हे नामस्मरणासाठी असतं, समुपदेशन केंद्र नव्हे. सप्ताहात राजकारण आणू नका.

गिरणीवाला पखवाजी

पाटील साहेब, मी एका बाजूचंच ऐकलं हे खरंय. दुसऱ्या बाजूचा आवाज येतच नव्हता. मारणारा ओरडत नाही.

बाई, तालुका काढायचा प्रयत्न केला, इथं बदलता येईना. पाचवा दिवस मात्र खरा नाही, तो मी लिहितानाच बदललाय.

जतकडचा वारकरी

माउली, मी कीर्तन करतो. मोठा नाही, वर्षाला साठ-सत्तर तारखा होतात, बहुतेक दुष्काळी पट्ट्यात. आतली गोष्ट सांगतो.

मीही बायकोवरचे विनोद सांगायचो. सांगावेच लागतात असं वाटायचं, रात्री साडेदहाला माणूस पेंगतो. पुढं कीर्तनं यूट्यूबवर जायला लागली. कॅमेरावाल्याची एक सवय असते, विनोद झाला की कॅमेरा बायकांच्या बाजूला फिरवायचा. एकदा मी ते बघत बसलो होतो. पुरुष पोट धरून हसतायत, आणि बायका पदर तोंडाला लावून बसल्यात. पदराआड हसतायत का काय करतायत, काही केल्या कळेना. तेवढाच तुकडा मी तीनदा मागं घेऊन बघितला. त्यानंतर ते विनोद सोडले. पहिल्या वर्षी चार तारखा गेल्या. “महाराज रंगत नाहीत” म्हणाले.

आता तुमच्या कामाचं. मांडवात आल्यावर, हार घालताना, पाकीट देताना असल्या सूचना करू नका. आम्हाला ते टोचतं, आणि तोवर अभंग ठरलेला असतो. पत्रिका छापायच्या आधी फोन करा. काल्याचा दिवस मागू नका, काल्याला कृष्णाच्या बाळलीलाच सांगायच्या असतात. पाचवी-सहावी रात्र मागा, तेव्हा बायकांची गर्दी जमलेली असते.

अभंग म्हणाल तर लांब जायला नको. ‘जे का रंजले गांजले’ प्रत्येक माळकऱ्याला पाठ आहे. त्यातच पुढं ‘ज्यासी आपंगिता नाही’ आहे आणि पोराला लावायची तीच दया दासदासीला लावायची असंही आहे. दासीवर दया सांगणारे महाराज, आणि आपण बायकोचं विचारायचं नाही?

चरित्र बहिणाबाईंचं घ्या. तुकोबांच्या शिष्या. तुमच्या जिल्ह्यातल्या वडगावच्या जयरामस्वामींचं कीर्तन कोल्हापुरात ऐकायला गेल्या, तेव्हा लहान होत्या, आणि त्यावरून नवऱ्यानं मारलं, बांधून घातलं. हे कुणी मागाहून रचलेलं नाही, त्यांनी स्वतःच्या अभंगांत लिहून ठेवलंय. संताच्या घरात मारहाण होती आणि संतानंच ती सांगितली. यावर “देवाच्या दारात भांडणं नकोत” म्हणणाऱ्याला उत्तर द्यायला काही उरत नाही.

आणि तुम्ही कराडचे असून सखूबाईचं नाव कसं निघालं नाही याचं मला आश्चर्य वाटतंय.

वीणेचं मी ठरवणार नाही. ते तुमच्या गावानं ठरवायचं.

मिरजेचा सलीम

आमच्याकडचं सांगतो, तुम्हाला उपयोग होईल असं वाटतं. मी मोहल्ल्याच्या जमातीत आहे. शुक्रवारी नमाजाच्या अरबी खुतब्याच्या, म्हणजे प्रवचनाच्या आधी इमाम साहेब आपल्या भाषेत बयान करतात. आम्ही तिघं जाऊन म्हणालो, हजरत, एका शुक्रवारी घरातल्या मारहाणीवर बोला. ते लगेच तयार झाले. तुमच्यातला सगळ्यांत चांगला तो, जो आपल्या घरच्यांशी चांगला, ही हदीस घेतली. छान झालं बयान. सगळे मान हलवत बाहेर पडले.

घरी येऊन अम्मीला सांगितलं. ती म्हणाली, ऐकायला होतं कोण? मारणारे होते, मार खाणाऱ्या कुठं होत्या? आमच्या मशिदीत जुम्म्याला बायका नसतात. मग तेच बयान बायकांच्या इज्तेमात, म्हणजे धर्माच्या मेळाव्यात, एका मुअल्लिमा (शिकवणाऱ्या) बाईंनी घेतलं आणि शेवटी नंबर सांगितला. जे काही पुढं आलं ते तिथून आलं, मशिदीतून काही आलं नाही.

तुमच्या कीर्तनात बायका बसतात, हे तुमचं नशीब समजा.

समाजकार्य सातारा

थोडी भर. युगांडात कंपालामध्ये ‘सासा’ नावाचं काम झालंय, स्वाहिलीत ‘आत्ता’. रेझिंग व्हॉइसेस या संस्थेनं ते बसवलं. आठ वस्त्यांत २००७ ते २०१२ असा अभ्यास झाला. काम झालेल्या वस्त्यांत नवऱ्याकडून शारीरिक मारहाण झाल्याचं सांगणाऱ्या बायकांचं प्रमाण ५२ टक्क्यांनी कमी निघालं. वस्त्या आठच होत्या, त्यामुळं आकडा फार ताणू नये. पुढं त्याचीच चर्च आणि मशिदींसाठी वेगळी आवृत्ती निघाली. तिथं एका भाषणावर भागवलं नाही. शेजारी, दुकानदार, धर्माची माणसं यांनी तेच तेच प्रश्न वर्षानुवर्षं लोकांत टाकत ठेवले. घरात जोर कुणाचा चालतो, आणि तो जोर माणूस कशासाठी वापरतो, असे. “मारू नका” हे त्यांनी फार उशिरा म्हटलं.

आपल्याकडं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रात लग्न झालेल्या साधारण चार बायकांत एकीनं नवऱ्याची मारहाण किंवा जबरदस्ती सांगितली आहे. तुमच्या मांडवात चारशे बायका असतील तर हिशोब तुम्हीच करा, तुम्ही गिरणीवाले आहात.

गिरणीवाला पखवाजी (तीन आठवड्यांनी)

सप्ताह झाला. सगळ्यांनी विचारलंय म्हणून लिहितो, खुशाली म्हणून नव्हे.

जतच्या माउलींना मी निरोप पाठवला होता. सहाव्या रात्रीची तारीख त्यांनाच दिली. अध्यक्षांना अभंग एवढाच सांगितला, ‘जे का रंजले’, त्यावर कुणाला काय हरकत असणार.

सखूबाईचं नाव मला का सुचलं नाही, तर लहानपणापासून ऐकून ऐकून गुळगुळीत झालंय ते. कराडात तिचं मंदिर आहे. सासू छळायची, पंढरीला जाऊ नये म्हणून नवऱ्यानं खांबाला बांधली, तिच्या जागी पांडुरंग स्वतः बांधून घेऊन उभा राहिला, ती पंढरीला पोचली. इथं मांडव रडतो, विठ्ठल विठ्ठल होतं, पुढं चला. माझ्या आईला मी घरी सांगत होतो, यंदा सखूचं चरित्र घेणार म्हणून. ती लसूण सोलत होती. म्हणाली, “बांधली तवा शेजारची काय करत हुती रं? देवाला पंढरपुरासनं यावं लागलं. शेजाऱ्याला भिंतीपल्याडनं येता आलं नसतं?” मी तसंच्या तसं माउलींना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, हे मी घेतो, आजींचं म्हणून घेतो.

त्यांनी घेतलं. गाडगेबाबा जसे समोरच्यालाच विचारायचे तसं विचारत गेले. सखूच्या वाड्याला भिंत होती का? होती. भिंतीपलीकडं घर होतं का? होतं. दोर बांधताना आवाज झाला असेल का? इथं लोक जरा चुळबुळले. मग त्यांनी माझ्याकडं हात केला आणि पखवाज थांबवला. टाळ थांबले. माइकवाल्याला म्हणाले, एक मिनिट सगळे कर्णे बंद कर. तो गोंधळला, अध्यक्षांकडं बघायला लागला, मग केले बंद. महाराज उघड्या आवाजात म्हणाले, आता आपलं गाव ऐका.

काही नव्हतं. नदीकडची मोटार चालू होती. एका घरात टीव्ही. कुणाचं तरी बाळ किरकिरत होतं. मिनिट फार मोठं असतं हो. माझे हात पखवाजावर तसेच होते आणि डाव्या हाताला ओली कणीक लागत होती. तो माणूस टाळकऱ्यांत तिसरा उभा होता. तो काही खाली मान घालून वगैरे उभा नव्हता, समोर बघत होता. महाराजांनी १८१ आणि ११२ दोनदा सांगितले, बायकांच्या बाजूला वळून. म्हणाले, आणि भिंतीपलीकडच्यांनो, तुम्ही नुसती कडी वाजवली तरी चालेल. पीठ संपलंय म्हणा, वाटीभर द्या म्हणा. मग ‘पुंडलिक वरदे’ झालं.

नंतर चहाला दोघं-तिघं म्हणाले, कर्णे बंद करायला नको होते, म्हाताऱ्यांची लिंक तुटली. अध्यक्ष माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

वीणेचं सांगतो. मी बैठकीत नाव घेतलं नाही, बाईंनी सांगितलं होतं म्हणून. पहाऱ्यांची यादी मी लिहितो, यंदा रात्री बाराचा पहारा मी माझ्या नावावर टाकला. त्याला पहाटे तीनचा दिला. त्यानं विचारलं, का? मी म्हणालो, बाराला तू घरी जातोस तेव्हा मी गल्लीतच असतो, तसा यंदाही असेन, वीणा घेऊन इकडं थांबेन पण पोरगा माझा घरी आहे. वाक्य फार नीट जमलं नाही. त्याला कळलं का ते मला सांगता येणार नाही. पण तो हो म्हणाला. भित्रेपणा आहे हा, मला माहिती आहे. सरळ नाही म्हणायला पाहिजे होतं असं माझी मंडळी म्हणते. आईनं यंदा वीणेऐवजी नुसत्या देवाला नमस्कार केला, हेही सांगून टाकतो.

गल्लीतला कर्णा मी खांबावरून काढून चौकात लावला.

ती बाई नेहमीसारखी दळण आणते. काही बोललेली नाही. मी विचारलेलं नाही, मंडळी अधूनमधून चहाला बसवते.

परवा मात्र दुसरीच एक आली, वरच्या आळीतली, हिच्याबद्दल आम्हाला कधी वाटलंही नव्हतं. दळण झालं, पैसे दिले, तरी उभी. मंडळीला म्हणाली, महाराजांनी सांगितलेला तो तीन आकड्यांचा नंबर काय हो, माझ्या ध्यानात राहिना. मंडळीनं कागद शोधला. ती म्हणाली, कागद नको, घरात सापडंल. आणि डब्याचं झाकण उलटं करून पुढं केलं. आमच्या पेनानं पत्र्यावर उमटेना. मग मी डब्यांवर नावं घालायचा काळा मार्कर दिला.